पाठीला भोक असलेल्या बायका

कळंबोली
८ जून २०२५

राजलक्ष्मी,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही आणि 'चि.' लिहायचं तुझं वय राहिलं नाही. तेव्हा नुसतं नाव. माझा नंबर तू सहा वर्षांपूर्वीच बंद करून टाकलास, म्हणून हे कागदावर.

आज सकाळी वेणूबाई कामाला आली ती पेपरची पुरवणी नाचवत. "ताई, आपली राजी पेपरात!" तीस वर्षं आपल्या कारखान्यात माती मळतेय ती. तिला तू अजून 'आपली' वाटतेस, तिचा स्वभाव. पुरवणी हातात घेतली तर अर्धं पान तूच. महाप्याच्या कुठल्याशा काचेच्या इमारतीत तुझं प्रदर्शन, आणि मागे रांगेने तुझ्या बायका. एकीच्या हातात पंखा, एकीच्या डोक्यावर ती टोकदार टोपी, एक आपली अंगावरचं वस्त्र हनुवटीपर्यंत ओढून उभी. ओळखल्या मी. दोन हजार तीनशे वर्षांपूर्वीच्या ग्रीक बायका असतील नाहीतर कुणी, पहिल्यांदा त्या आपल्याच शेडमध्ये, आपल्याच फळ्यांवर उभ्या राहिल्या होत्या.

तिथवर मला काही म्हणायचं नव्हतं. नाव काढलंस, काढ. पण पानाच्या तळाला दुसरा फोटो आहे. काचेची पेटी. आत एका फुटक्या बाईची पाठ आणि त्या पाठीत बुजवलेलं भोक. लाल मातीत पांढऱ्या शाडूची टिकली, टिकलीवर अंगठ्याचा ठसा. खाली पाटी: 'वडिलांचा अंगठा'.

आणि मुलाखतीत तू म्हणतेस, "माझ्या पहिल्या दोनशे चाळीस मूर्ती वडिलांनी भट्टीत फोडल्या. ते गणपतीचे मूर्तिकार. पाठीला भोक असलेली बाई त्यांना बघवली नाही. त्यांनी एकेक भोक अंगठ्याने बुजवलं."

वा गं वा! बापाला चव्हाट्यावर आणून मोठी झालीस. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तू ती काचेत ठेवून वर दिवा लावलास.

मुलाखतीत मी कुठे नाही. तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा आई गेली. तुझ्या वेण्या कुणी घातल्या, तुझ्या कॉलेजसाठी स्वतःचं जमलेलं लग्न कुणी पुढे ढकललं, इतकं पुढे की ते राहूनच गेलं, यातलं काही पेपरात यावं असं नाही. पाच वर्षांची असताना माती कापायच्या तारेत तू हात घातलास, तुला ओढताना ती तार माझ्या उजव्या अंगठ्यात हाडापर्यंत गेली, तो आडवा व्रण थंडीत अजून ठणकतो. तेही नको. पण एक बहीण आहे, एवढ्याला तरी जागा होती.

आता ऐक. आबा एक्याऐंशीचे झाले. काचबिंदूने उजवा डोळा पुरता गेला. डाव्याला जवळून माणसाचा चेहरा कळतो, तोही पुसट. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, आणि आहे ते दिवाळीपर्यंत टिकलं तर नशीब समजा. वेणूबाईचा आरडाओरडा त्यांनी ऐकला होता. "काय लिवलंय गो?" म्हणाले. मी मधलं मधलं गाळून वाचत होते, ते त्यांना कळलं. "सगला वाच." वाचलं. ते ऐकत बसले, हाताने गुडघा चोळत. मग म्हणाले, "बराबर लिवलंय पोरीनं," आणि चहा मागितला.

ती पेटी काढ. प्रदर्शन कर, बायका वीक, परदेशात जा. पण आबांचं नाव लावलेली ती पेटी काढ.

वैजयंती


कळंबोली
२५ जून २०२५

राजलक्ष्मी,

तुझ्या तीन ओळी पोचल्या. 'पेटी हलणार नाही. त्यात खोटं काय आहे ते आबांनी सांगावं. तू त्यांची वकिली कशाला करतेस?'

वकिली! घरात राहून त्यांच्या डोळ्यांत दिवसातून तीनदा थेंब घालणाऱ्या माणसाला वकील म्हणतात, हे आजच कळलं. महाप्याहून कळंबोलीला यायला तासभर लागत नाही. सहा वर्षांत तुला तो मिळाला नाही, आणि मला विचारतेस तू कोण.

तुझी आठवण तुझ्या सोयीची आहे, म्हणून माझी लिहिते.

दोन हजार एकोणीसचा ऑक्टोबर. गणपती गेले होते, शेड रिकामी, आम्ही साचे धुऊन ठेवत होतो. तू ग्रीसमधल्या कुठल्या म्युझियममध्ये सहा महिने शिकून आलेली. बॅगेतून वीतभर उंचीची एक बाई काढून फळीवर ठेवलीस. म्हणालीस, "ताई, आपल्यासारख्याच साचेवाल्यांनी केल्यात या. देवी नाहीत, राण्या नाहीत. साध्या बायका. कुठेतरी निघालेल्या, कुणाची तरी वाट बघणाऱ्या. जुन्या थडग्यांमधून निघाल्या." तिकडच्या एका दुकानाला तशाच दोनशे चाळीस हव्या होत्या, आणि तुला हात हवे होते. हात आमचे होते.

काम मला आवडलं होतं, हे कबूल करते. साचा दोन तुकड्यांचा, पुढचा आणि पाठीचा. आतून पोकळ. डोकं वेगळं काढून मागाहून जोडायचं. त्यामुळे अंग एकच, पण मान जराशी कलवली की बाई निराळी. आपल्या गणपतीत असलं काही नाही, त्याला सरळच बघावं लागतं.

पहिल्या दिवशी आबांनी एक उचलली, उलटी केली, पाठीच्या भोकात करंगळी घातली, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ही कसली मूर्ती? खंडित मूर्ती माझ्या कारखान्यातनं भायेर जायाची नाय." हो, म्हणाले. मी नाकारत नाही. त्यात त्यांचं काय चुकलं? आपल्याकडे मूर्ती भाजतात कुठे? शाडूचा गणपती सावलीत वाळतो, रंगतो, पुजला जातो आणि पाण्यात विरघळतो. भट्टी आपल्या सात पिढ्यांनी बघितली नव्हती. मूर्तीवर टाचणीएवढं भोक दिसलं तरी ते बुजवायचं, हे आपल्याला अक्षर ओळखायच्या आधी शिकवतात. कारखान्यातल्या कुणाच्याही हाताला ती खोड आहे. भोक दिसलं की अंगठा पुढे जातो.

आणि पुढचं तू कधी सांगत नाहीस. आठ दिवसांनी तेच आबा स्टूल ओढून तुझ्या बायकांच्या माना कलवायला बसायला लागले. "ही रुसलेय. ही ऐकून घेतेय, पन हिला पटलेलं नाय." वेणूबाई हसून हसून बेजार. तुला ते आठवत नसेल. मला आठवतं, कारण इतक्या वर्षांत मी केलेल्या एकाही मूर्तीपाशी आबा स्टूल ओढून बसले नव्हते.

त्या दिवाळीत पाऊस हटत नव्हता. माल आतून ओला होता. तळोज्याच्या त्या भट्टीवाल्याला घाई होती, त्याने एकदम ताव दिला. भट्टी उघडली तर दोनशे चाळीसातल्या अकरा धड. तू खापऱ्यांत बसून एकेक उलटीपालटी केलीस, पांढऱ्या टिकल्या वेचल्यास आणि आबांपुढे ओंजळ धरलीस. "तुम्हाला माझं बरं बघवत नाही ना?" आबांनी त्यातली एक टिकली उचलली, बोटाने चाचपली, परत तुझ्या ओंजळीत ठेवली. म्हणाले, "मीच बोललो व्हतो, भोक नको म्हून." तू तिथूनच रिक्षा केलीस.

बोललो होतो, असं म्हणाले ते. बुजवलं असं म्हणाले का? नीट आठवून बघ. एवढी शिकलेली आहेस.

वैजयंती


कळंबोली
१५ जुलै २०२५

राजलक्ष्मी,

तू लिहितेस, 'कारखान्यातल्या कुणाच्याही म्हणजे कुणाच्या? वेणूबाईच्या? आबांनी माफी मागावी. त्याच दिवशी पेटी काढेन, त्याच दिवशी घरी येईन.'

वेणूबाईचं नाव घेऊ नकोस. तिला त्यात ओढायचं कारण नाही.

माझ्याकडे वेळ नाही. तीनशे गणपती फळ्यांवर आहेत आणि एकाचेही डोळे झालेले नाहीत. पंखे लावून लावून वाळवतोय. डोळ्यांची आखणी जन्मभर आबांनी केली, गेल्या वर्षापासून मी करते. गिऱ्हाईक तोंडावर बोलत नाही, मूर्ती हातात धरतं आणि जरा जास्त वेळ बघतं. परवा खांदेश्वरचे एक गृहस्थ, रावसाहेब, चाळीस वर्षं आपल्याकडून मूर्ती नेतात, ते हळूच म्हणाले, "या वर्षी बाप्पा माझ्याकडे बघत नाहीयेत, वैजयंतीताई." मी हसले. काय करणार होते?

आबांनी ते ऐकलं. म्हणाले, "राजीला बोलव. तिचा हात माझ्यावर गेलाय." मी समोर उभी होते. माझ्या तोंडावर म्हणाले. त्यांना माझं तोंड दिसत नाही म्हणून असेल.

म्हणून मी तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, बघा तुमची राजी काय म्हणते. मला वाटलं चिडतील. चार शिव्या घालतील आणि विषय संपेल. ते म्हणाले, "मग लिव की."

"काय लिहू?"

"लिव, माझं चुकलं म्हून. माफी मागतो म्हून. मी अंगठा करतो."

मी म्हटलं, "आबा, सही येते तुम्हाला."

"सई दिसत नाय आता. अंगठा कर." आणि साच्याला लावायच्या तेलाची वाटी सरकवल्यासारखा हात पुढे केला. मी रंगाच्या फडक्यावर त्यांचा अंगठा टेकवला आणि कागदावर उठवला. दोन ओळी आणि अंगठा.

तो कागद माझ्या खणात आहे. मी पाठवणार नाही. ऐंशी पार केलेल्या माणसाने पोटच्या पोरीपुढे अंगठा उठवायचा, आणि तू तो कदाचित दुसऱ्या काचेच्या पेटीत ठेवायचास! मला हे मान्य नाही. तुला यायचं असेल तर तशी ये. ऑगस्टचा पहिला आठवडा आखणीचा आहे. आबांना अजून चेहरा दिसतो. दिवाळीत आलीस तर आवाजावरून ओळखावं लागेल, आणि आवाज तुझा सहा वर्षांत काय झालाय ते त्यांना माहीत नाही.

माफीची वाट बघत बसू नकोस. ती यायची नाही.

वैजयंती


कळंबोली
२ ऑगस्ट २०२५

तुझं पार्सल पोचलं. बाई धड आहे. चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे आबांच्या हातात दिली.

पुढचं मला आज लिहिता येत नाही. आणखी काही पाठवू नकोस.

वै.


कळंबोली
१० ऑगस्ट २०२५

राजी,

आठ दिवस झाले. आखणी अर्धी राहिली आहे. हात चालत नाही, म्हणून आधी हे लिहिते.

तुझी चिठ्ठी होती, 'आबांना दे. त्यांनी मान कलवून दाखवली होती तशी जमली का, विचार.' खरं सांगू, मला राग आला. माफी माग म्हणतेस आणि वर खेळणं पाठवतेस. चहा झाल्यावर दिली त्यांच्या हातात. पेन्शनर माणूस नातवाला घेतो तशी त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली. डोळ्यांशी नेली, दिसेना, मग बोटांनीच बघितली. टोपी. गाल. मानेपाशी थांबले. "हां," म्हणाले. "हिला कायतरी सांगायचंय, पन थांबलेय." मग खांद्यावरून बोटं मागे गेली, पाठीवर. भोकापाशी अंगठा थांबला.

मी समोर माती मळत होते. ते माझ्या दिशेला तोंड करून म्हणाले, "ही तरी बुजवू नको गो, वैजू."

एवढंच. रागाने नाही. 'दूध उतू जाऊ देऊ नको' म्हणावं, तसं. मग म्हणाले, "वर ठेव, पडंल," आणि मी ती वर ठेवली.

आता वाच, आणि मधे थांबू नकोस.

तुझ्या बायका भट्टीला जायच्या आदल्या दुपारी वेणूबाईच्या नातवाचं बारसं होतं. सगळे तिकडे गेले. आबाही गेले. तू सकाळी त्या दुकानाच्या माणसाला शेड दाखवायला आणलं होतंस. तो माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला आणि तू त्याला इंग्रजीत सांगितलंस. मला कॉलेज नसलं तरी तेवढं इंग्रजी येतं. तू म्हणालीस, ही माझी बहीण, मदतीला असते.

मदतीला. आई गेल्यापासून तो कारखाना माझ्या मनगटावर चालला होता. तुझे ब्रश, तुझी फी, तुझं तिकीट, सगळं त्याच मातीतून निघालं. मदतीला!

तू त्याला सोडायला गेलीस. शेडमध्ये मी आणि त्या. फळ्यांवर दोनशे चाळीस, सगळ्या माझ्याकडे पाठ करून, कारण पाठ वाळायची राहिली होती. माझ्या हातात गणपतीच्या सोंडेतून उरलेला शाडूचा गोळा होता. एकीची पाठ घेतली आणि भोकावर शाडू ठेवून अंगठा दाबला. सहज. खोडच ती. मनात म्हटलं, आबांचा शब्द आहे, खंडित मूर्ती बाहेर जायची नाही. मग दुसरी. मग ओळीने. बारशाहून माणसं परतायच्या आत सगळ्या झाल्या होत्या. गवतात बांधल्या मीच. टेम्पोत चढवल्या मीच.

सहा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की खोड होती. आबांचा शब्द होता. पाऊस होता, भट्टीवाला घाईचा होता. तुलाही जूनपासून तेच लिहितेय. ते खोटं आहे. ते भोक कशाला असतं, हे तू मला सांगितलं होतंस. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा तर चुलीपाशी, मी भरताचं वांगं भाजत होते तेव्हा. म्हणालीस, "ताई, तू वांग्याला टोचे मारतेस ना, तसंच. आतली वाफ जायला वाट लागते, नाहीतर फुटतं." मी म्हटलं होतं, "कळलं."

मला कळलं होतं. जन्मभर वांगी भाजली आहेत मी.

सगळ्या फुटतील असं वाटलं नव्हतं. दहावीस जातील, तू जरा जमिनीवर येशील, ताई लागते हे तुला कळेल, असं काहीतरी मनात होतं. मग ती भट्टी उघडली. तू ओंजळ धरलीस ती आबांपुढे. माझ्याकडे बघितलंही नाहीस. मदतीला असलेल्या माणसावर कोण संशय घेतो? आणि आबांनी ती टिकली उचलून चाचपली तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला वाटलं, बोलतील. साठ वर्षं मूर्तीचं नाक अंधारात चाचपून सांगणारा माणूस, त्याला आपल्या लेकीच्या अंगठ्यावरचा व्रण कळणार नाही? कळला. त्याच क्षणी कळला. त्यांनी ती परत तुझ्या हातात ठेवली आणि स्वतःवर घेतलं. एक लेक चालली होती. दुसरी तरी राहावी, असं असेल. मी विचारलं नाही, अजूनही विचारलेलं नाही. सहा वर्षं आम्ही दोघं एका ताटाला बसतो आणि हे आमच्यामध्ये असतं.

आणि मागच्या महिन्यात तो माणूस माझ्यासाठी माफी मागायला निघाला. मी कागद खणात ठेवला तो त्यांच्या मानासाठी, असं तुला लिहिलं. तेही खोटं. त्यावर त्यांचा अंगठा आहे. तुझ्या पेटीत माझा आहे. तू दोन्ही शेजारी धरले असतेस तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. मी त्यांचा मान राखत नव्हते, माझा अंगठा लपवत होते.

मी तुझी माफी मागत नाही. तू मला मदतनीस म्हणालीस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि माझे दोनशे चाळीस अंगठे तूही विसरू नकोस. आपलं जुळणार नाही, नको जुळू दे. तू आलीस तर मी वेणूबाईकडे जाऊन बसेन, आखणी होईपर्यंत शेडमध्ये पाऊल टाकणार नाही. पण गणेश चतुर्थी सत्तावीसला आहे, दीडशे गणपतींना डोळे नाहीत, आणि आबांना या आठवड्यात समोरच्या माणसाचे नाक-डोळे अजून दिसतात. काल त्यांनी वेणूबाईला ओळखलं, मला दाराशी उभी असताना नाही ओळखलं. तेव्हा उजेडात ये, आणि जवळ बस.

येऊन त्यांना सांग की तुला कळलंय. मला तोंडाने सांगता येत नाही. मी दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा ते म्हणाले, "चहा टाक."

सोबत त्यांचा कागद पाठवते आहे, त्यावर त्यांचा अंगठा आहे. या पत्राच्या खाली माझा. पेटी उघड आणि तिन्ही ओळीने ठेव. भाजली की माती आटते, म्हणून पेटीतला जरा लहान भरेल, ते मी तुला सांगायला नको. इतकी वर्षं त्यावरची आडवी रेघ तुला मातीची भेग वाटली असेल. ती भेग नाही. ती तार आहे, तुझ्या हातातून ओढलेली.

पाटी मात्र बदल.

वैजयंती
निशाणी उजव्या हाताचा अंगठा